माया

शिवणीच्या आड जे जास्तीचं कापड राखून ठेवतात
त्याला आमच्या धंद्यात माया म्हणतात.
दादा म्हणायचे, माया ठेवली नाहीस
तर गिऱ्हाईक सुटल्यावर जाईल कुठे?

कोळसा गल्लीत पतंगे टेलर्स. एक मशीन, एक आरसा,
आणि दर फेब्रुवारीत
येरवड्याच्या गोल्फ मैदानावरून येणारा
तो कोट.

एकाहत्तर साली क्लबच्या सेक्रेटरींनी
कुठल्याशा मासिकात फोटो बघितला.
तिकडे अमेरिकेत जिंकणाऱ्याला हिरवा कोट मिळतो,
गेल्या वर्षीचा विजेता यंदाच्याच्या खांद्यावर चढवतो.
आपणही करू, म्हणाले. पैसे एकाच कोटाचे मंजूर झाले.
दादांकडे शाळेच्या ब्लेझरचं बाटलीहिरवं कापड उरलं होतं.
कुठल्या शाळेचं, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

तेव्हापासून कोट तोच.
जिंकेल त्याच्या मापाचा करायचा,
वर्षभर त्याने मिरवायचा, मग परत.
कर्नल बेलियप्पांसाठी खांदे उसवले,
होमी दुबाशांसाठी पोट,
तीन वर्षं ओळीने, दर वर्षी अर्धा इंच.
आधी पोटवाले खेळायचे.
बक्षिसाची रक्कम वाढली तसे पोटासाठी खेळणारे आले.
चंदीगडच्या एका सरदार पोराला
बाह्या मनगटाच्या वीतभर अलीकडेच थांबल्या,
तो हसला, तसाच घालून गेला.

क्लबच्या भिंतीवर सोनेरी अक्षरांत नावं आहेत म्हणे.
मी पाहिलेली नाहीत.
मला अस्तर पाठ आहे,
जुन्या टाक्यांची भोकं, रेघांवर रेघा,
कोण कुठे मावला नाही त्याची.

कोट घेऊन यायचा जालिंदर वायदंडे,
नागपूर चाळीतला, कॅडी नंबर सतरा,
सायकलच्या हँडलला वर्तमानपत्रात गुंडाळून.
दादा बशीत चहा द्यायचे.
चहा गार होईपर्यंत तो पायरीखाली
दादांची छत्री उलटी धरून हवा हाणायचा.
काजं करता करता मी बघायची.
खांदा हनुवटीखालून असा जायचा
जशी कात्री ताग्यातून, एकदा लागली की न थांबता.

एकेचाळिसाव्या वर्षी जिंकला.
दादा नव्हते.
कोट आला क्लबच्या गाडीतून, मागच्या सीटवर,
जालिंदरच्या मांडीवर,
दुसऱ्याचं मूल धरावं तसा.

छाती बेचाळीस. मी शिवण उसवली
आणि आत काहीच नव्हतं.
मोतीबिंदूच्या साली दादांनी
जास्तीचं म्हणून कातरून टाकलं होतं सगळं.
त्याने हात उचलला, बगलेत टर्र झालं.
"ताई, चहा पिण्यापुरता होतोय.
पण हात वर गेला पाहिजे."

कळी घालावी लागेल, मी म्हटलं,
आणि हे कापड आता मिळायचं नाही.

दुसऱ्या दिवशी रिक्षाने आला, एकटाच,
काखेत घडी.
कॅडीचं जाकीट. धुऊन धुऊन साय झालेली खाकी,
पाठीवर पांढऱ्या रंगात सतरा.
"हे चालेल?"
कापड विरलं होतं. दुहेरी घेतलं.
दोन कळ्या निघाल्या,
डाव्या बगलेत एक गेला, उजव्या बगलेत सात.
फोटोत दिसत नाही.
फोटोला माणसं हात खाली ठेवून उभी राहतात.

मग कोट फिरत राहिला.
दर वेळी मी सगळं उसवते, तेवढं सोडून.

यंदाचा एकोणीस वर्षांचा, बाणेरचा,
कंबर इतकी की टेप दोनदा फिरावी.
चहूकडून आत घेतला,
उरलं ते दुमडलं, कापलं नाही.
आरशासमोर वळून बघताना म्हणाला,
"मावशी, बगलेत काहीतरी टोचतंय."

माझ्या तोंडात टाचण्या होत्या.
मान हलवली फक्त.